घोरणारा माणूस गप्प होतो तेव्हा

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू होते. वाचन रंगात आले असतानाच मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका दादांच्या घोरण्याचा आवाज आला. मुले फिदीफिदी हसू लागली, बायाबापड्यांनी पदर तोंडाला लावला, वाचणारे गुरुजीही क्षणभर थांबून हसले. आम्हीही हसलो. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढे जे कळले त्यानंतर त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली.

दादांचे वय पन्नाशीच्या अलीकडचे. एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी बस ते चालवितात. दारूला कधी शिवले नाहीत. रात्री दहाला अंथरुणावर पडतात, पहाटे पाचला उठतात. म्हणजे झोप चांगली सात तासांची. तरी सकाळी डोके जड, तोंडाला कोरड, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणे, आणि दुपारी चार घास पोटात गेले की बसल्या जागी डोळा लागणे. घरचे म्हणत, वय झाले. मित्र म्हणत, आळशी झालास. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी त्यांची बस रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या डंपरला घासली. कोणाला लागले नाही, आरसा आणि थोडा पत्रा गेला. पण कामावर झोपल्याबद्दल दादांच्या हातात मेमो पडला. "रात्री टाकून आला असेल," असे कोणीतरी बोलले, तेही त्यांच्या कानांवर गेले. जन्मभर जे केले नाही त्याचा आळ आल्याने माणूस आतून खचला.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि मुलीची जुनी वही आमच्यापुढे धरली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने नुसते आकडे लिहिलेले : २२, ३१, १८, ४०, २७.

"हे काय वहिनी?"

"भाऊजी, हे घोरता घोरता एकदम गप्प होतात. छाती हलते, पण नाकासमोर हात धरला तर वारा लागत नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघून मी सेकंद मोजलेत. मग मोठा आचका देऊन परत घोरायला लागतात. लोक घोरण्याला हसतात. मला तर हे घोरत असले की धीर असतो. गप्प झाले की मी उठून बसते."

वाचक बंधू-भगिनींनो, वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. पण डॉक्टर मंडळी ज्या गोष्टीसाठी रात्रभर यंत्रे लावतात, तिचे मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले : छाती हलते, पण वारा येत नाही. या रोगाचे नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटून श्वास अडणे, हा त्याचा सरळ अर्थ. छाती हलत असूनही वारा का येत नाही, हे आज थोडे खोलात जाऊन सांगावयाचे आहे.

पाणी ओढणाऱ्या मोटारीचा सक्शन पाईप सर्वांनी पाहिला असेल. त्याच्यात कडक वेटोळी असतात, म्हणून मोटार कितीही जोराने ओढो, पाईप चपटा होत नाही. आपल्या श्वासनळीलाही कूर्चेच्या अशाच कड्या आहेत. वर नाकाला हाडाचा आधार आहे. पण या दोहोंच्या मधला, जिभेच्या मागचा काही बोटांचा मार्ग मात्र अगदी मऊ आहे. त्याला ना हाड, ना कडी. ते तसे असावे लागते, कारण तेथूनच आपण घास गिळतो आणि आवाजाला आकार देतो. शहाळ्यातली कागदाची नळी भिजल्यावर जोराने ओढली तर मध्येच चिकटते आणि पाणी येईनासे होते, तसे या मऊ जागेचे होऊ शकते.

ते जागेपणी होत नाही, कारण या मऊ मार्गाभोवती वीसहून अधिक स्नायू पहाऱ्याला आहेत. त्यांतला सर्वांत मोठा हनुवटीच्या हाडापासून जिभेत शिरणारा. त्याचे काम जीभ पुढे ओढून धरणे. हनुवटीखालच्या मऊ जागी बोट ठेवून जीभ दातांवर जोराने दाबा, काहीतरी घट्ट झालेले लागेल. त्याच्याच आत हा स्नायू आहे. श्वास ओढण्याचे मुख्य काम करतो तो दुसराच स्नायू, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, ज्याला शाळेच्या पुस्तकात श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकतो, छातीत पोकळी होते, आणि हवा आत खेचली जाते. ही खेच मऊ घशालाही आतल्या बाजूस ओढते.

येथे सगळी गोष्ट वेळेची आहे. कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी असतो. लॉरी हलण्याआधी त्याने फाटक उघडावयाचे आणि ती बाहेर पडेपर्यंत धरून ठेवावयाचे. जिभेचा स्नायू हा पहारेकरी आणि श्वासपटल ही लॉरी. दोघांना हुकूम मेंदूच्या तळातून सुटतो, पण जातो वेगवेगळ्या मज्जातंतूंनी. निरोगी माणसात पहारेकऱ्याचा हुकूम किंचित आधी पोहोचतो. वरच्या श्वासमार्गाचे स्नायू हवा आत शिरण्याच्या क्षणभर आधी कामाला लागतात, हे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखविले गेले. हा क्षणभर म्हणजे सेकंदाचाही लहानसा तुकडा. पण तेवढ्यात जीभ पुढे सरकून वाट मोकळी होते.

झोप लागली की दोन्ही हुकूम ढिले होतात. मात्र पहारेकऱ्याचा हुकूम जास्त ढिला होतो. ज्याचा घसा मुळात रुंद आहे त्याचे फाटक अर्धे उघडले तरी लॉरी निघून जाते. ज्याची वाट अरुंद आहे, मग ती मानेतल्या चरबीने असो, मागे गेलेल्या हनुवटीने असो की वाढलेल्या टॉन्सिलने, त्याचे फाटक लॉरी येण्याच्या आत मिटते. अर्धवट मिटले तर पडदे थरथरतात, ते घोरणे. पूर्ण मिटले की आवाज बंद. वहिनी उठून बसत ती हीच वेळ.

फाटक बंद झाले तरी लॉरी थांबत नाही. श्वासपटल ओढतच राहते, उलट दर श्वासाला जोर वाढवीत जाते. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, हृदयावर ताण येतो. शेवटी मेंदू दोन-चार सेकंदांपुरता जागा होतो, जिभेच्या स्नायूला जोराचा हुकूम मिळतो, घसा फटकन उघडतो आणि मोठा आचका बसतो. माणसाला या जागेपणाची आठवणही राहत नाही. पुन्हा झोप, पुन्हा पहारेकरी ढिला. रात्रीतून हे शंभर, दोनशे, तीनशे वेळा. दादांची सात तासांची झोप म्हणजे सात तासांची झटापट होती. मग दुपारी डोळा लागेल नाही तर काय होईल?

हे सगळे अंदाजाने सांगितलेले नाही. झोपेत श्वास अडतो याची नोंद युरोपातील डॉक्टरांनी १९६५ च्या सुमारास केली. पुढे १९७८ साली अमेरिकेत जॉन रेमर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या रोग्यांच्या जिभेचा स्नायू आणि घशातली खेच एकाच वेळी मोजली, आणि घसा मिटतो तो या दोघांच्या ओढाताणीत स्नायू हरतो म्हणून, असे दाखविले. मोजतात कसे? स्नायू आखडला की त्यात अगदी बारीक वीज उत्पन्न होते. केसासारख्या बारीक तारा सुईने जिभेच्या स्नायूत सोडतात. श्वासपटलासाठी एक बारीक नळी नाकातून अन्ननलिकेत उतरवितात, कारण अन्ननलिका श्वासपटलामधूनच पोटात जाते. नळीवरच्या कड्यांना श्वासपटलाची वीज कळते आणि छातीतली खेचही मोजता येते. तोंडावर मास्क, त्यात हवा किती व केव्हा गेली हे मोजणारे यंत्र. मग या सर्वांच्या रेघा एकाखाली एक उमटतात आणि कोणाचा हुकूम आधी, कोणाचा नंतर, हे दिसते.

जोर मोजण्याचीही एक साधी युक्ती आहे. आधी माणसाला जागेपणी सांगतात, जीभ दातांवर सगळी ताकद लावून दाबा. त्या वेळची वीज म्हणजे शंभर. मग झोपेतल्या श्वासाला त्या शंभरातले किती उरले, ते पाहतात. शेजारच्या गड्याशी नव्हे, माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या ताकदीशी. ही रीत आम्हांस आवडली.

या मोजमापातून एक गोष्ट अशी निघाली की डॉक्टरही चकित झाले. वाटले होते, रोग्यांचे स्नायू मुळात दुबळे असतील. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले. जागेपणी या रोग्यांच्या जिभेचा स्नायू निरोगी माणसापेक्षा जास्त राबत होता. अरुंद वाट उघडी ठेवण्यासाठी तो दिवसभर जादा पाळी करीत होता, आणि मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी धरली की त्याचे काम एकदम कमी झाले. झोपेत तो जादा जोर निघून जातो, म्हणून घसा मिटतो. ज्याला आपण आळशी म्हणतो त्याच्या शरीरातला एक स्नायू असा ओव्हरटाइम करीत असतो!

सगळ्यांचे दुखणे एकाच साच्याचे नसते, हेही पुढे कळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे एकतृतीयांश रोग्यांमध्ये घसा मिटू लागला तरी जिभेचा स्नायू झोपेत फारसा प्रतिसादच देत नाही, असे आढळले. काहींची झोप इतकी हलकी, की स्नायू जागा होण्याआधीच माणूस जागा होतो. म्हणून एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

वायरी टोचण्याची ही तपासणी संशोधनासाठी. ती आपल्या वाट्याला येत नाही आणि तिची गरजही नसते. आपल्याला मिळते ती स्लीप स्टडी. दादांना वस्तीतल्या दवाखान्यात आधी गॅसच्या गोळ्या मिळाल्या, मग झोप नीट लागावी म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून देण्याची गोष्ट निघाली. वहिनींनी वही दाखविली म्हणून ती गोष्ट तेथेच राहिली, आणि बरे झाले. दारू व झोपेच्या काही गोळ्या या पहारेकऱ्याला आणखी झोपवितात. शेवटी एका सरकारी रुग्णालयात तारीख मिळाली. थोडीथोडकी नव्हे, दोन महिन्यांनंतरची.

त्या रात्री आम्ही दादांना सोडायला गेलो होतो. डोक्याला आणि हनुवटीला वायरी चिकटविल्या, नाकाशी बारीक नळी, बोटाला प्राणवायूची चिमटी, एक पट्टा छातीला आणि एक पोटाला. "निवडणुकीला उभा राहिल्यासारखे हार घातले की हो," असे म्हणून दादा बऱ्याच दिवसांनी हसले. आम्हांस महत्त्वाचे वाटले ते दोन पट्टे. वाट मोकळी असेल तर श्वासाबरोबर छाती व पोट एकदम वर येतात, एकदम खाली जातात. घसा बंद असेल तर श्वासपटल खाली ओढते, पोट फुगते, पण हवा येत नसल्याने छाती आत जाते. बागेतल्या सी-सॉवर एक पोर वर, एक खाली, तसे. स्नायूंचा ताळमेळ बिघडल्याची ही खूण त्या पट्ट्यांनी कागदावर उमटते. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ ताईंनी वहिनींना ती दाखविली. वरची हवेची रेघ सपाट, खालच्या दोन रेघा उलटसुलट. वहिनी म्हणाल्या, "हेच! मी रोज हेच बघते."

ताशी किती वेळा श्वास अडला किंवा फार कमी झाला, त्यावरून रोगाचा दर्जा ठरवितात. दहा सेकंद वा अधिक अडला तरच तो धरतात. ताशी पाचपर्यंत चालते. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. दादांचा आकडा निघाला ४६. रक्तदाबाची गोळी चालू असूनही दाब का उतरत नाही, याचेही एक कारण त्यातच होते.

हा रोग लठ्ठ शेटजींचा, असा एक समज आहे. वजनाने तो वाढतो हे खरे, पण बारीक माणसालाही तो होतो. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांत शंभरात साडेसात पुरुषांना झोपेतला हा अडथळा आणि दिवसाची गुंगी, दोन्ही होती. आणि बायकांचे काय? बाई घोरते हे सांगायची चोरी. अमेरिकेत १९९३ सालच्या मोठ्या पाहणीत शंभरात चोवीस पुरुषांत आणि नऊ बायकांत श्वास अडण्याचे प्रमाण ताशी पाचच्या वर निघाले. बायकांत पाळी गेल्यानंतर ते वाढते. त्या घोरण्याची तक्रार करीत नाहीत, थकवा आणि डोकेदुखी सांगतात, आणि त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल आणि श्वास घेताना त्याची छाती आत जात असेल, तर टॉन्सिल व ॲडेनॉइड दाखवून घ्यावेत. मोबाईल आता घरोघर आहे. झोपलेल्या माणसाची छाती आणि पोट दोन्ही दिसतील असे दोन-तीन मिनिटांचे चित्रण केले, तर डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते.

उपचाराचे मुख्य यंत्र सीपॅप. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रोग्यांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र रोग्याला गळ्यात छिद्र पाडण्यावाचून खात्रीचा इलाज नव्हता. हे यंत्र नाकावरच्या मास्कमधून हवेचा सौम्य दाब देते आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. ते स्नायूला बळ देत नाही, फक्त फाटकाला टेकू लावते. म्हणून रोज लावावे लागते. जिभेच्या मज्जातंतूला श्वासाच्या तालावर विजेचा हलका झटका देणारे, छातीत बसवावयाचे एक यंत्रही निघाले आहे. २०१४ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. हरवलेला ताळमेळच ते परत आणते. पण त्याची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. जीभ, टाळू आणि घशाचे व्यायाम हा स्वस्त उपाय. ब्राझीलमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिने असे व्यायाम केलेल्या मध्यम दर्जाच्या रोग्यांचा ताशी आकडा सुमारे बावीसवरून चौदाच्या आसपास आला. अभ्यास लहान होता, आणि दादांसारख्या ४६ च्या रोग्याने केवळ त्यावर विसंबू नये. कुशीवर झोपणे, वजन थोडे उतरविणे, रात्रीची दारू बंद करणे यांनीही फरक पडतो.

सीपॅपची किंमत ऐकून दादा उठून निघाले होते. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. "हा कागद कंपनीला दिला तर ते मला ड्रायव्हरकीवरून काढतील. नको तो रिपोर्ट." वहिनी काही बोलल्या नाहीत. डॉक्टरीण बाईंनी समजावले, की धोका आहे तो इलाज न करता गाडी चालविण्यात. इलाज नीट चालू असलेला माणूस गाडी चालवू शकतो आणि तसे पत्र देता येते. तोवर दादांनी स्टिअरिंगला हात लावू नये, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. सहा आठवडे दादा बिनपगारी घरी होते. यंत्र आधी महिनाभर भाड्याने आणले, मग पतपेढीच्या कर्जाने विकत घेतले. पहिल्या चार रात्री त्यांनी मास्क काढून फेकला. नाकाचा मास्क बदलून दिल्यावर पाचव्या रात्री तो पहाटेपर्यंत राहिला, आणि त्या रात्री ते लघवीला एकदाही उठले नाहीत.

आता दादा पुन्हा बसवर आहेत. यंत्राच्या कार्डात रोज किती तास लावले याची नोंद होते, ती दर तीन महिन्यांनी दाखवावी लागते. मेमोच्या उत्तराला त्यांनी रिपोर्ट आणि डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. युनियनच्या भाऊंनी त्यावर पोच घेतली. मेमो अजून मागे घेतलेला नाही. वहिनींना मात्र पहिले काही दिवस झोपच येईना. यंत्राचा आवाज इतका बारीक, की त्या मध्येच उठून दादांच्या छातीवर हात ठेवून बघत.